वाचकांचे प्रश्न : एसीच्या वर्गातला सर्दी-ताप

प्रश्न : मी ठाण्यात दहावीचे शिकवणी वर्ग घेते. खोलीत स्प्लिट एसी आहे आणि रस्त्यावरच्या गोंगाटामुळे खिडक्या बंदच असतात. एखादे मूल खोकत आले की काही दिवसांत बरीच मुले आजारी पडतात. बाक आम्ही रोज जंतुनाशकाने पुसतो, खोकणाऱ्याला मागे वेगळे बसवतो, तरी फरक पडत नाही. कुठे कमी पडतो?
– एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : तुमच्या दक्षतेत उणीव नाही, खोलीत बाहेरची हवाच येत नाही, ही खरी अडचण आहे. खोकतानाच नव्हे, तर बोलताना आणि नुसता श्वास सोडतानाही आपण द्रवाचे कण हवेत सोडत असतो. त्यांतले मोठे थेंब मीटर-दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण अतिसूक्ष्म कण बराच वेळ तरंगतात आणि बंद खोलीत साचत जातात. मूल मागे बसवल्याने त्याच्या शेजाऱ्याचा धोका घटतो. साचलेली हवा मात्र सगळ्यांच्याच वाट्याला येते.

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढून, थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. चीनमधील ग्वांगझोऊच्या एका उपाहारगृहात २४ जानेवारी २०२० रोजी शेजारच्या तीन टेबलांवर जेवणाऱ्या तीन कुटुंबांतील एकूण दहा जणांना कोविड झाल्याचे पुढे आढळले. ही टेबले एकाच एसीच्या झोतात होती. तिथे बाहेरची हवा जवळजवळ येतच नव्हती, आणि झोताबाहेरच्या गिऱ्हाइकांना लागण झाली नाही.

म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या एसी चालू असतानाही थोड्या उघड्या ठेवाव्यात. वीजबिल थोडे वाढेल, पण ते सोसावे असे मला मनापासून वाटते. एकाच बाजूला खिडकी असेल, तर समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवावा. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्रही उपयोगी पडते : बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० असते, आणि वर्गात आकडा हजारापुढे चढू लागला की मुले एकमेकांची उच्छ्वासित हवा फार घेत आहेत असे समजावे. गोंगाटामुळे खिडकी उघडणे अशक्यच असेल, तर हेपा गाळणीचा एअर प्युरिफायर विषाणूचे कण अडवतो, मात्र ताजी हवा देत नाही. बाक पुसणे चालू ठेवा. ताप असलेल्या मुलाला घरी राहू द्या, आणि त्याचा बुडलेला धडा नंतर भरून काढण्याची सोय पालकांना आधीच सांगून ठेवा. ती नसते म्हणूनच मुले तापातही वर्गाला येतात.