जूनमध्ये न्यूझीलंडला येताय, तर विजेबद्दल हे वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये क्राइस्टचर्चला नोकरीवर रुजू व्हायचंय, बरोबर पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी, मागाहून आई येणार आणि त्यांना रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास सुरळीत ठेवणारं यंत्र) लागतं. न्यूझीलंडमध्ये थंडीत वीज कमी पडते, वापर आवरा म्हणून लोकांना आवाहन करावं लागतं, अशा बातम्या वाचून घरचे धास्तावलेत. आणि तुम्ही स्वतः सौरऊर्जेतले इंजिनिअर, त्यामुळे पुढच्या दहा वर्षांत हे बदलेल का, हेही तुम्हाला जाणून घ्यायचंय. मी बरीच वर्षं हॅमिल्टनला आहे. जे पाहिलं आणि समजून घेतलं ते सविस्तर लिहितो.

आधी घरच्यांना हे सांगा की टंचाईमुळे अंधारात बसायची वेळ इथे फार क्वचित येते. टंचाई खोटी नाही, पण तिचा चटका बसतो तो बिलात आणि गारठलेल्या बेडरूममध्ये. त्यामुळे तुमचं खरं लक्ष हवं ते भाड्याच्या घराकडे.

आपल्याकडे मागणी उन्हाळ्यात चढते, इथे ती हिवाळ्यात चढते. जून ते ऑगस्टमध्ये सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ८ या वेळात सगळ्यांचे हीटर, शेगड्या आणि गरम पाणी एकदम चालू होतं. शेजारच्या देशातून वीज घ्यायची सोय नाही, कारण बेटांवरचा देश. जे काय भागवायचं ते इथल्या इथेच.

टंचाईचे प्रकार दोन, आणि बातम्यांमध्ये त्यांची नेहमी सरमिसळ होते. एक काही तासांची, दुसरी काही महिन्यांची.

काही तासांच्या टंचाईचं ठळक उदाहरण म्हणजे ९ ऑगस्ट २०२१, सोमवारची संध्याकाळ. कडाक्याची थंडी, मागणी ७१०० मेगावॉटच्या वर, म्हणजे तोवरचा उच्चांक. त्याच वेळी वारा पडला, तोकानू जलविद्युत केंद्राच्या तोंडाशी पाणवनस्पती अडकून तिथलं उत्पादन घसरलं, आणि हंटलीच्या कोळसा-वायूवरच्या वीज केंद्राचा एक मोठा संच सुरूच केलेला नव्हता. देशभरात ३० हजारांहून जास्त घरांची वीज तोडली गेली आणि त्यातली बरीच आमच्या हॅमिल्टन भागातली होती. आमच्या गल्लीत सातनंतर दिवे गेले. वीज तासा-दीड तासात परत आली, पण तेवढ्यात आमचं जुनं लाकडी घर इतकं गार पडलं की मुलांना स्वेटरवर जॅकेट चढवावं लागलं. पलीकडच्या नव्या घरात, जिथे भिंतीत इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) आणि खिडक्यांना दुहेरी काचा आहेत, तिथे त्यांना गारठा जाणवलासुद्धा नाही. वीज दोघांचीही तेवढाच वेळ गेली होती. नंतरच्या चौकशीत निष्पन्न झालं की समन्वय नीट झाला असता तर ही घरं अंधारात घालवायची गरजच नव्हती.

तेव्हापासून यंत्रणा बरीच सावध झाली आहे. १० मे २०२४ च्या सकाळी पुन्हा तशीच वेळ आली होती. ट्रान्सपॉवरने, म्हणजे राष्ट्रीय ग्रिड चालवणाऱ्या सरकारी कंपनीने, आदल्या दिवशीच लोकांना सांगितलं की सकाळी ७ ते ९ वापर जरा कमी ठेवा. लोकांनी ऐकलं आणि कुणाचीही वीज तोडावी लागली नाही. तुम्ही वाचलेली बातमी बहुतेक हीच असावी. असं आवाहन आलं म्हणून घाबरायचं नाही. कपड्यांचा ड्रायर, डिशवॉशर आणि गाडीचं चार्जिंग दोन तास पुढे ढकलायचं, बस. लहान मूल आहे त्या खोलीचा हीटर बंद करा असं कुणीही सांगत नाही.

शिवाय इथे एक जुनी पण फार उपयोगी सोय आहे, रिपल कंट्रोल. बहुतेक घरांत गरम पाण्याची मोठी विजेची टाकी असते, आणि मीटरच्या फळीवर एक छोटा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच. मागणी फार चढली की लाइन कंपनी, म्हणजे घरापर्यंतच्या तारा सांभाळणारी कंपनी, तारांमधूनच एक सिग्नल सोडते, रिले टक् करून पडतो आणि टाकीचा हीटर तेवढ्यापुरता बंद होतो. पाणी आधीच तापलेलं असल्यामुळे आंघोळीला काही फरक पडत नाही. या नियंत्रित जोडणीचा दर कमी असतो. घर घ्याल तेव्हा ती आहे का विचारा आणि असेल तर काढू नका.

आता दुसरा प्रकार, ज्याला इथे ‘ड्राय इयर’, म्हणजे कोरडं वर्ष, म्हणतात. मला विचाराल तर या देशाचा खरा विजेचा प्रश्न हाच. निम्म्याहून जास्त वीज पाण्यावर होते. मोठे तलाव दक्षिण बेटावर, पुकाकी, टेकापो, हावेआ, आणि जास्त लोकवस्ती उत्तर बेटावर. दोन्ही बेटं जोडणारी उच्चदाब डीसी वाहिनी दक्षिणेच्या बेनमोरहून निघते आणि कुक सामुद्रधुनीखालून उत्तर बेटावरच्या हेवर्ड्सला पोचते. ती १९६५ पासून आहे, आज तिची क्षमता १२०० मेगावॉट. तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून आकडे देतो: सगळे तलाव काठोकाठ भरले तरी साठा सुमारे ४५०० गिगावॉट-तासांचा, आणि देशाची वर्षाची गरज ४० हजारांच्या घरात. म्हणजे सहा आठवड्यांची बेगमी. आपलं कोयनेचं धरण पावसाळ्यात भरलं की पुढचे आठ महिने पुरवून वापरता येतं, तशी सवड इथे नाही. त्यातून हिवाळ्यात डोंगरावर पाऊस न पडता बर्फ पडतो आणि तो वसंतात वितळेपर्यंत तिथेच राहतो. गरज सर्वांत जास्त तेव्हाच तलावात येणारं पाणी सर्वांत कमी.

२०२४ च्या हिवाळ्यात हेच झालं. पाणी कमी आणि नैसर्गिक वायूचं उत्पादनही घटलेलं, कारण मोठी वायुक्षेत्रं म्हातारी झालीत. ऑगस्टमध्ये घाऊक बाजारात मेगावॉट-तासाला ८०० डॉलरच्या वर, म्हणजे युनिटला ८० सेंटच्या वर भाव गेला. मेथानेक्सने आपला मेथॅनॉलचा कारखाना काही काळ थांबवून वायू वीज कंपन्यांना विकला. रुआपेहू भागातली विन्स्टनची लगद्याची गिरणी आणि सॉ मिल बंद पडली, दोनशेहून जास्त लोकांच्या नोकऱ्या गेल्या. लहान गावात एवढ्या नोकऱ्या जाणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. घरगुती ग्राहकांचे दर करारात ठरलेले असल्यामुळे त्या महिन्यात आम्हाला झळ बसली नाही. टंचाईमुळे दिवे कुठेही गेले नाहीत.

दिवे जातात ते बहुतेक वेळा वादळाने किंवा अपघाताने. फेब्रुवारी २०२३ च्या गॅब्रिएल चक्रीवादळात नेपिअरजवळचं रेडक्लिफ उपकेंद्र पाण्याखाली गेलं आणि तिथले लोक कित्येक दिवस विजेविना होते. जून २०२४ मध्ये देखभालीच्या वेळी एका मनोऱ्याच्या पायाचे नट काढले गेले, मनोरा आडवा झाला आणि देशाच्या उत्तर टोकाचा जवळपास सगळा नॉर्थलँड अंधारात गेला. म्हणून दोन टॉर्च, पॉवर बँक, जाड पांघरुणं आणि बाहेर वापरायची छोटी गॅस शेगडी घरात ठेवा. भूकंपाच्या तयारीतही याच वस्तू लागतात, त्यामुळे क्राइस्टचर्चमध्ये त्या बहुतेकांकडे असतातच.

आता घर. १९७८ च्या आधी इथे इन्सुलेशनची सक्ती नव्हती आणि तेव्हाची लाकडी घरं अजून भरपूर आहेत. क्राइस्टचर्चचं एक बरं आहे, २०१०-११ च्या भूकंपांनंतर तिथे पुष्कळ नवं बांधकाम झालं. थोडं भाडं जास्त पडलं तरी तसं घर बघा, जास्तीच्या भाड्यातला काही भाग बिलात वसूल होतो. ‘हेल्दी होम्स’ नियमांनुसार १ जुलै २०२५ पासून भाड्याच्या प्रत्येक खाजगी घराला हे निकष लागू आहेत: छताला आणि जमिनीखाली इन्सुलेशन, ओल रोखण्याची व्यवस्था, आणि मुख्य दिवाणखाना १८ अंशांपर्यंत तापवू शकेल असा बसवलेला हीटर. मुख्य दिवाणखाना, हे लक्षात घ्या. बेडरूमला ही अट नाही. मुलगी झोपेल त्या खोलीत काय आहे, हे तुम्हालाच विचारावं लागेल. भाडेकरारासोबत या निकषांचं लेखी निवेदन द्यावं लागतं, ते पूर्ण वाचा.

घर बघायला जाल तेव्हा दुपारी नको, सकाळी जा. खिडक्यांच्या आतल्या बाजूने पाणी ओघळत असेल, कपाटाच्या मागे काळी बुरशी असेल, तर ते घर सोडा. सूर्य इथे उत्तरेकडून फिरतो, तेव्हा दिवाणखाना उत्तरेला तोंड करून हवा. दक्षिणेच्या खोल्यांत हिवाळाभर ऊन शिरत नाही. हीट पंप (उलटा चालून खोली तापवणारा एसी) असलेलं घर धरा, एक युनिट विजेत तीनेक युनिट उष्णता मिळते. तो १९-२० अंशांवर सलग चालू ठेवा, गारठलं की २७ वर नेऊन ठेवू नका. दक्षिण बेटावर पाइपचा नैसर्गिक वायू नाही, गॅस बहुतेक सिलिंडरचा असतो. बिनधुराड्याचा गॅस हीटर कुणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका, तो खोलीत भरपूर ओल सोडतो आणि लहान मुलाच्या फुप्फुसांना ते वाईट.

दर साधारण ३० ते ४० सेंट युनिट, वर रोजचा स्थिर आकार. हिवाळ्यात बिल उन्हाळ्याच्या दुप्पट होणं अगदी नेहमीचं आहे, पहिल्या वर्षाच्या हिशेबात ते धरूनच चाला. पॉवरस्विच या संकेतस्थळावर कंपन्यांची तुलना करता येते. काही योजनांत रात्री काही तास वीज फुकट किंवा स्वस्त असते, वॉशिंग मशीन तेव्हा लावा. पहिल्या हिवाळ्यात घाऊक भावाशी जोडलेली योजना मात्र घेऊ नका. २०२४ चा ऑगस्ट आठवा.

आईंबद्दल: त्या यायच्या आधीच डॉक्टर आणि वीज कंपनीकडे चौकशी करून ठेवा. ज्यांचं आरोग्य विजेच्या उपकरणावर अवलंबून आहे त्यांची ‘मेडिकली डिपेंडंट कन्झ्युमर’ अशी नोंद होते, आणि मग बिल थकलं तरी कंपनी वीज तोडत नाही. पण वादळात वीज जाणार नाही अशी हमी त्यात नाही. सीपॅपसाठी बॅटरी बॅकअप सोबत आणा. व्होल्टेज इथेही २३० आहे, पिन तेवढी वेगळी.

राहिलं भविष्य. आजच ८५ टक्क्यांच्या आसपास वीज नवीकरणीय आहे, आणि वेगाने भर पडते आहे. हॉक्स बेमधला १७६ मेगावॉटचा हारापाकी पवन प्रकल्प आणि ताउपोजवळचं १७४ मेगावॉटचं ताउहारा भूऔष्णिक केंद्र, दोन्ही २०२४ मध्ये पुरी झाली. भूऔष्णिक वीज थंडी, वारा, ऊन कशालाच जुमानत नाही, म्हणून मला तिचं मोल सर्वांत जास्त वाटतं. पवनचक्क्या वर्षभर तलावातलं पाणी वाचवतात, पण सर्वांत थंड रात्री बहुतेकदा आकाश निरभ्र आणि हवा निश्चल असते, नेमकं तेव्हाच त्या थांबतात. सौरचं तुम्हाला मी काय सांगणार: क्राइस्टचर्चला जूनमध्ये जानेवारीच्या जेमतेम तिसरा हिस्सा वीज मिळते, आणि संध्याकाळच्या मागणीच्या वेळी अंधार पडलेला असतो. नॉर्थलँडमध्ये रुआकाकाला १०० मेगावॉटची बॅटरी बसली आहे, ती दोन तास पुरते. ९ ऑगस्टसारखी संध्याकाळ अशा बॅटऱ्या निभावून नेतील. म्हणून काही तासांची टंचाई येत्या काही वर्षांत बरीच सुटेल असं मला मनापासून वाटतं.

कोरड्या वर्षाला मात्र बॅटरी पुरत नाही. त्यासाठी ओन्स्लो तलावात पाणी चढवून साठवायची प्रचंड योजना होती, ती २०२३ च्या डिसेंबरमध्ये नव्या सरकारने गुंडाळली. खर्च अफाट होता हे खरं, पण तिच्या जागी तेवढ्या ताकदीचं दुसरं काही उभं राहिलेलं नाही याची मला काळजी वाटते. सध्या भिस्त आहे ती हंटलीच्या कोळशाच्या राखीव साठ्यावर, आणि तिवाई पॉइंटच्या अॅल्युमिनियम कारखान्यावर. देशातली आठवा हिस्सा वीज तो एकटा खातो, आणि तलाव आटले की १८५ मेगावॉटपर्यंत वापर कमी करायचा करार त्याने २०२४ मध्ये केला आहे.

तुमच्या कामाला या सगळ्यात जागा आहे. क्राइस्टचर्च विमानतळाशेजारी कोवाई पार्कचा १६८ मेगावॉट-पीकचा (भर उन्हातली कमाल क्षमता) सौर प्रकल्प आहे आणि कँटरबरीतच लॉरिस्टनचा २०२४ च्या अखेरीस सुरू झाला. इथे नुसते पॅनल उभारणाऱ्यांपेक्षा ग्रिड जोडणी आणि बॅटरी नियंत्रण जाणणाऱ्यांना जास्त विचारतात. ते काम केलं असेल तर सीव्हीत वरच लिहा. घराच्या छपरावर पॅनल बसवायची घाई करू नका, विकत घेताना युनिटला ३० सेंटच्या वर आणि विकताना त्याच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे दिवसा घरात वापर असेल तरच गणित जमतं.

आणि रुजू व्हायची तारीख हलवता येत नसेल, तर तुम्ही जूनमध्ये एकटे या, घर बघून उबदार करून घ्या, आणि मुलगी व पत्नीला सप्टेंबरमध्ये बोलवा.