आवाजाची दिशा कानांनी ओळखण्याचा पहिला प्रयोग
सुरुवात वायरवाल्या हेडफोनवर करा, ब्लूटूथच्या नादी लागू नका. 500 हर्ट्झचा सूर एका कानाला किंचित उशिरा पोचवा. अगदी बाजूने येणाऱ्या आवाजात दोन कानांपर्यंत पोचण्याच्या वेळेतला हा फरक साधारण 650-700 मायक्रोसेकंद असतो. तयार कानाला मात्र 10 मायक्रोसेकंदही कळतात. नवखे फसतात ते इथेच: 44.1 किलोहर्ट्झच्या डिजिटल आवाजात एक सॅम्पल (आवाजाची एक नोंद) म्हणजे जवळपास 23 मायक्रोसेकंद. त्यामुळे सॅम्पल सरकवून भागत नाही, फेज, म्हणजे एका कानातल्या लहरीचा टप्पा, बदला. सूर दोन्ही कानांत एकदमच, 20 मिलिसेकंदांत हळूहळू चढवा, नाहीतर ऐकणारा सुरुवातीच्या ‘टक्’वरूनच उत्तर देतो. 1500 हर्ट्झच्या वर शुद्ध सुरातला वेळेचा फरक पकडताच येत नाही. तिथे पातळीतला, म्हणजे दोन कानांतल्या आवाजाच्या जोरातला, फरक वापरा. ऐकणाऱ्याची ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) आधी हवीच. आणि डावा-उजवा दर वेळी तपासा! हेडफोन उलटा घातला की सगळी उत्तरं उलटी.