परत फिरायची सोय

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. पूर्व परीक्षा निघाली असं घरी सांगून बसलायस आणि आता रोज फोनवर मुख्य परीक्षेच्या तयारीच्या गप्पा मारतोयस. ते खोटं एक वेळ समजू शकतो. मला खटकलं ते खालचं वाक्य: "पोस्ट काढल्याशिवाय गावात तोंड दाखवणार नाही." ते वाचून डोनाल्ड क्रोहर्स्ट आठवला.

1968 साली लंडनच्या 'संडे टाइम्स'ने शर्यत लावली. शिडाच्या होडीतून, एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. सगळ्यात कमी वेळ घेणाऱ्याला 5000 पौंड. क्रोहर्स्ट इलेक्ट्रॉनिक्समधला हुशार माणूस, पण धंदा डबघाईला आलेला आणि समुद्राचा अनुभव हौशी. होडीला पैसे देणाऱ्याशी त्याने करार केला की मोहीम फसली तर होडी आपणच विकत घेऊ. घरही गहाण टाकलं. म्हणजे हरायची सोय त्याने निघण्याआधीच स्वतःच्या हाताने बंद केली. निघायची शेवटची तारीख 31 ऑक्टोबर. त्याच दिवशी तो इंग्लंडमधल्या टिनमथ बंदरातून निघाला, होडी अर्धवट, बरेच सुटे भाग धक्क्यावरच राहिलेले.

दोन आठवड्यांतच होडी गळायला लागली. त्याने वहीत एकेक दोष लिहून काढला, पुढे जावं की सोडून द्यावं याचा हिशेब मांडला. सगळं कळत होतं रे त्याला! पण फिरला नाही. अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटा प्रवास कळवू लागला. एकदा तर एका दिवसात 243 मैल! न केलेल्या प्रवासाच्या नोंदी तयार करायच्या म्हणजे सूर्याच्या उंचीची गणितं उलटी सोडवायची. हे खऱ्या नौकानयनापेक्षा किचकट काम. एवढी अक्कल त्याने तोंड लपवण्यात खर्च केली.

मागे राहून पोहोचायचं, हरलेल्याच्या वह्या कोण तपासतं, असा त्याचा बेत. पण क्रोहर्स्ट मागून येतोय या समजापायी शर्यतीतल्याच नायजेल टेटलीने आपली होडी इतकी दामटली की मे 1969 मध्ये ती फुटून बुडाली. तो वाचला. आता 5000 पौंड क्रोहर्स्टलाच मिळणार आणि त्याच्या वह्या तपासल्या जाणार, हे दिसू लागलं. 1 जुलैची नोंद शेवटची. 10 जुलैला होडी सापडली, रिकामी.

शर्यत पुरी केली एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने. त्याची होडी 'सुहेली' आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी, जेमतेम 32 फुटांची. बक्षिसाचे 5000 पौंड त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

लोक क्रोहर्स्टला लबाड म्हणतात. मला तसं वाटत नाही. आपण हरलेलं कुणाला दिसता कामा नये, यालाच तो यश समजून बसला. हरून आला असता तर कर्ज झालं असतं, चार लोक हसले असते. पण बायको आणि चार मुलांनी दार लावून घेतलं असतं का?

तुझ्यावर तर कर्जही नाही. या शनिवारी एसटी पकड. आधी आईला सांग, वडिलांना ती सांभाळून घेईल. ओरडतील, ओरडू देत. एकट्याने जमणार नसेल तर कळव, मी येतो बरोबर. पुढचा अटेम्प्ट द्यायचा की दुसरं काही बघायचं, ते परत आल्यावर बोलू. आणि तोवर अभ्यासिकेची पुढची फी भरू नकोस.

तुझा,
काका