वाचकांचे प्रश्न : विमा कंपनीच्या साहेबांचं नाव मालवाहू बोटीला कसं काय?

प्रश्न : नमस्कार. माझी मुलगी मिलवॉकीला असते, यंदा तिच्याकडे राहून आले. तिथे ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ नावाच्या बुडालेल्या बोटीबद्दल बरंच ऐकलं. जावई म्हणाले की ज्यांचं नाव बोटीला होतं ते साहेब लाइफ इन्शुरन्स कंपनीचे प्रमुख होते. मग त्यांचा बोटींशी काय संबंध, की नुसतंच मालकाचं नाव दिलं? आणि तळ्यात एवढी मोठी बोट लागते तरी कशाला?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तळं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रंकाळा नाहीतर तलावपाळी येते आणि मग पुढचं काहीच पटत नाही. ही बोट अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या ‘ग्रेट लेक्स’ नावाच्या प्रचंड तळ्यांवर चालायची, त्यातलं एकटं लेक सुपीरियर, जिथे ती बुडाली, ८२ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून जास्तच. लोखंडाचं खनिज वर मिनेसोटा-मिशिगनमध्ये, आणि पोलादाच्या भट्ट्या खाली डेट्रॉइट, क्लीव्हलँडकडे. मधे सू सेंट मरी या गावाजवळ नदीचं पाणी खडकांवरून जवळजवळ २१ फूट खाली उतरतं, तिथे १८५५ साली कालवा आणि लॉक (म्हणजे पाणी वरखाली करून बोट चढवणारे-उतरवणारे दरवाजांचे हौद) झाले, मग खनिज बोटीत भरलं की थेट खालच्या बंदरात. त्याआधी बोट रिकामी करून माल जमिनीवरून पलीकडे न्यायला लागायचा. त्यातून या खास लांबुळक्या बोटी तयार झाल्या, कप्तानाची केबिन अगदी पुढच्या टोकाला, इंजिन मागच्या टोकाला आणि मधे सगळी माल भरायची जागा. ही ठेवण १८६९ च्या ‘आर. जे. हॅकेट’ या लाकडी बोटीपासून सुरू झाली आणि पुढची शंभर वर्षं टिकली.

आता फिट्झजेराल्ड घराणं. जावईबापूंनी सांगितलं ते खरंय, एडमंड फिट्झजेराल्ड मिलवॉकीच्या नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल या कंपनीचे प्रमुख होते, पण ही अर्धीच गोष्ट झाली आणि दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी तेवढीच सांगतात. त्यांचे आजोबा जॉन हे लेकवरचे कप्तान होते, आणि एकटे आजोबा नाही तर आजोबांचे सगळे भाऊही कप्तान, म्हणजे सख्खे सहा भाऊ सहाही बोटीवर! वडील विल्यम यांची मिलवॉकीत ड्रायडॉक कंपनी होती (ड्रायडॉक म्हणजे पाणी काढून बोट कोरडी ठेवायची गोदी), बोटी बांधायच्या, दुरुस्त करायच्या, आणि वडिलांच्या नावाची ‘डब्ल्यू. ई. फिट्झजेराल्ड’ ही मालवाहू बोटसुद्धा लेकवर धावत होती. म्हणजे एडमंड साहेब ऑफिसात बसणारे पहिले, बाकी खानदान पाण्यावरचं. म्हणून मला ते ‘मालकाचं नाव दिलं’ हे वाक्य खटकतं.

नॉर्थवेस्टर्न म्युच्युअलने लोखंड-खनिजाच्या धंद्यात पैसा गुंतवला होता, त्यातूनच १९५७ मध्ये त्यांनी स्वतःची बोट बांधायला दिली, चालवायला मात्र दुसऱ्या शिपिंग कंपनीला भाड्याने. ही तळी समुद्राला जोडणारा सेंट लॉरेन्सचा नवा जलमार्ग तेव्हा व्हायचा होता, त्यात ७३० फुटांची बोट मावणार होती, म्हणून ही ७२९ फुटांची केली. तेव्हा लेकवर हिच्याएवढी मोठी दुसरी नव्हती. नाव काय द्यायचं यावर बोर्डात चर्चा झाली तेव्हा एडमंड साहेबांनी स्वतः नको म्हटलं, ‘मिलवॉकी’ द्या, ‘सीवे’ द्या, ‘सेंटेनियल’ द्या असं सुचवलं, पण बोर्डाने ऐकलं नाही. लेकवर कंपनीच्या अधिकाऱ्याचं नाव बोटीला द्यायची पद्धत होतीच, त्यात हे तर कप्तानांच्या घरातले.

जून १९५८ मध्ये डेट्रॉइटजवळ रिव्हर रूजला बोट पाण्यात सोडली, १५ हजारांवर माणसं बघायला. साहेबांच्या पत्नी एलिझाबेथ यांच्या हातून शॅम्पेनची बाटली फुटली ती तिसऱ्या प्रयत्नात, मग बोट बाजूने घसरवत पाण्यात सोडली आणि एवढी लाट उसळली की लोक भिजले. नंतर यालाच अपशकुन ठरवून लोकांनी खूप लिहिलं, मला ते अजिबात आवडत नाही, कारण ही बोट पुढे सतरा वर्षं चांगली राबली, खनिज वाहण्याचे विक्रम केले. तिचे एक कप्तान पीटर पल्सर तर नदीतून जाताना स्पीकरवर गाणी लावायचे, काठावरचे लोक मुद्दाम बघायला यायचे.

९ नोव्हेंबर १९७५ ला विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर बंदरातून २६ हजार टन टॅकोनाइटच्या गोळ्या, म्हणजे खनिजाचेच भाजलेले गोळे, भरून निघाली. दुसऱ्या दिवशी वादळात रडार गेले, बोट कलली, पाणी शिरत होतं. मागून ‘आर्थर एम. अँडरसन’ ही बोट येत होती, तिने विचारलं तेव्हा फिट्झजेराल्डचे कप्तान मॅकसॉर्ली यांचं उत्तर आलं की आम्ही तग धरून आहोत. त्यानंतर काहीच नाही. २९ जण गेले. कोस्ट गार्डच्या चौकशीने हॅचची, म्हणजे डेकवरून माल भरायच्या तोंडांची, झाकणं नीट बंद नव्हती म्हणून पाणी शिरलं असं म्हटलं, बोटवाल्यांपैकी अनेकांना ते मान्य नाही, त्यांच्या मते कॅरिबू आयलंडजवळच्या उथळ खडकाला ती आधीच घासली होती. मला विचाराल तर सगळा दोष खलाशांवर ढकलायची घाई झाली.

१९९५ मध्ये खलाशांच्या घरच्यांच्या इच्छेने बोटीची घंटा वर काढली, आणि तिच्या जागी २९ नावं कोरलेली दुसरी घंटा खाली ठेवली. मूळ घंटा व्हाइटफिश पॉइंटच्या म्युझियममध्ये आहे.

प्रश्न : अशी जुनी बोट आतून बघायला मिळते का? मुलगा ओहायोत आहे.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मग तर सोप्पं आहे, क्लीव्हलँडला ‘विल्यम जी. मॅदर’ बघा. १९२५ ची, ६१८ फुटी, आणि हेही घराणंच, सॅम्युअल मॅदर यांनी क्लीव्हलँडला लोखंडाच्या खाणीची कंपनी उभी केली, पुढे मुलगा विल्यम तिचा अध्यक्ष झाला, बोट त्याच्या नावाची. १९४१ मध्ये युद्धासाठी खनिज लवकर हवं होतं म्हणून हीच बोट पुढे होऊन १३ बोटींचा ताफा बर्फातून डुलूथपर्यंत घेऊन गेली होती. १९८० ला निवृत्त झाली, १९९१ पासून म्युझियम. गोड्या पाण्यात लोखंड हळू गंजतं म्हणून या बोटी एवढी वर्षं टिकतात. वेळ असेल तर मिशिगनमधल्या सू सेंट मरीलाही जाऊन या, तिथल्या ‘व्हॅली कॅम्प’ या १९१७ च्या बोटीत फिट्झजेराल्डच्या चेपलेल्या दोन लाइफबोट ठेवल्यात, आणि शेजारी लॉकमधून आजच्या हजार फुटी बोटी जाताना दिसतात. फक्त उन्हाळ्यात जा, जानेवारीच्या मध्यापासून २५ मार्चपर्यंत लॉक बंद असतात आणि या म्युझियम बोटीही थंडीत बंदच असतात.