कंदील करा, पण पाचच!

नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी, आणि दिवाळीत आजी-आजोबांना व शेजारच्या चार घरांना 'मुलांच्या हातचं काहीतरी' द्यायचंय, तर काय करावं, असं विचारलंत. म्हणजे नग पाच. ते वाढवू नका. आम्ही पहिल्या वर्षी पंधरा ठरवले होते. चौथ्यानंतर मुलं खेळायला पळाली आणि उरलेले अकरा मी रात्री जागून केले.

माझं मत हातभर आकाशकंदिलाच्या छोट्या आवृत्तीला. बांबूच्या कामट्या तासत बसू नका, खराट्याचे हीर घ्या. एका कंदिलाला तीन-तीन इंचांचे चोवीस तुकडे लागतात. चार तुकड्यांचा एक चौकोन, असे सहा चौकोन, कोपरे दोऱ्याने बांधायचे. मग चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून जोडले की मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा मोठा खूश होतो! चौकोन मात्र हमखास तिरके होतात. कागदावर तीन इंचांचा चौकोन आखून द्या आणि बांधलेला प्रत्येक त्यावर ठेवून बघायला सांगा. सांगाडा लुळा वाटला तरी घाबरू नका, कागद लागला की ताठ होतो. वरचा-खालचा चौकोन उघडा ठेवून बाकी सगळीकडे पतंगाचा कागद.

चिकटवायला खळ. दोन चमचे मैदा कपभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग मंद आचेवर सतत ढवळा. गॅसपाशी तुम्हीच. जुनी माणसं किडे लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकायची. तो विषारी असतो, पोरांच्या हातात नकोच. साधी खळ फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते.

धाकटीला झिरमिळ्या द्या. कागदाच्या पट्ट्या, बोथट कात्री, लांबी कमी-जास्त झाली तरी चालतं. ती सरळ करायला जाऊ नका. माझ्या सासूबाईंना सगळ्यात आवडलेला कंदील एका बाजूने टक्कल पडल्यासारखा होता.

आत पणती किंवा मेणबत्ती अजिबात नको, माळेतला एखादा छोटा एलईडी पुरे.

पणत्या रंगवायच्या असतील तर फक्त बाहेरून, ज्योतीजवळ रंग नको. कोरी पणती आधी काही तास पाण्यात भिजवून पूर्ण वाळवा, नाहीतर तेल पिते. उटण्याच्या पुड्या मात्र मी सुचवणार नाही; मुलांना त्यात चाळण्याखेरीज काही काम नसतं आणि घरभर धूळ.

सहामाही परीक्षा संपली की लगेच बसा. वसुबारसेच्या आधी घरोघरी पोचले तर त्यांच्याही दारात लागतील. आजोबा गावी असतील तर बुटांच्या खोक्यात नेता येतात. झिरमिळ्या वेगळ्या न्या आणि तिथे गेल्यावर धाकटीकडून चिकटवून घ्या, खळीची डबी विसरू नका.