हॅरोला येताय, तर वॉर्डाबद्दल थोडं

पुण्याहून लंडनच्या हॅरोला यायचं घाटतंय, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी बरोबर, आणि तुम्ही विचारलंत की तिथे आपल्याला कुणी विचारतं का, की कायम भाडेकरूसारखंच राहायचं? व्हिसा, बँक, एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) यावर मी काही लिहीत नाही, ते सरकारी साइटवर सगळं आहे. तुमचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. मी मूळची नाशिकची, हॅरोला लागून असलेल्या एका बरोमध्ये, म्हणजे स्वतःची कौन्सिल (महापालिका) असलेल्या लंडनच्या एका भागात, राहते. बरोचं नाव मुद्दामच घेत नाही.

पहिलं म्हणजे, तुम्हाला मत आहे. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे रीतसर व्हिसावर राहणारा भारतीय कौन्सिललाच काय, खासदारालाही मत देऊ शकतो. माझ्या इटालियन शेजारणीला खासदारकीचं मत नाही, मला आहे, यावरून ती अजून धुसफुसते. आपली बरीच मंडळी क्रेडिट स्कोअर सुधारतो म्हणून मतदारयादीत नाव घालतात. घालेनात का, नाव तर लागतं.

हॅरोत 22 वॉर्ड आणि 55 कौन्सिलर (नगरसेवक), वॉर्डाला दोन किंवा तीन. मतदान मे महिन्यातल्या गुरुवारी, सुट्टी नाही, सकाळी 7 ते रात्री 10. आपल्याकडे प्रभागात अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा असतात. इथे सगळे उमेदवार एकाच लांबलचक कागदावर, आडनावाच्या क्रमाने, आणि जितक्या जागा तितक्या फुल्या. त्याही दोरीला बांधलेल्या बुटक्या पेन्सिलीने. बोटाला शाई नाही. 2023 पासून फोटोचं ओळखपत्र लागतं, त्यात आपला भारतीय पासपोर्ट चालतो. दाराशी पक्षाची रिबिनीची फुलं लावून बसलेले लोक तुमचा मतदारयादीतला नंबर विचारतील, तो सांगितलाच पाहिजे असं नाही.

आणि नाशिकला? महापालिकेची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली, मग कित्येक वर्षं प्रशासक. आई जन्मभर त्याच वॉर्डातली, तिला तेव्हा निवडायला कुणी नव्हतं, आणि मी इथे फुल्या मारत होते. फोनवर तिला हे सांगायला मला लाज वाटायची.

आता शाळेचं. तुम्ही विचारलेलं नाही, पण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आम्ही आलो ते वर्षाच्या मधेच. घरासमोरची शाळा भरलेली, लेकीला दोन बस बदलून जायची शाळा मिळाली. वेटिंग लिस्टमध्ये तिचा नंबर तिसरा. मी निश्चिंत. थोड्या दिवसांनी फोन केला तर सहावा! इथे आधी कोण आलं याला किंमत नाही, घर शाळेपासून किती जवळ ते मोजतात. कुणी मधल्या गल्लीत राहायला आलं की ते आपल्या पुढे. नियम म्हणून बरोबर असेल. सात वर्षांची पोर अंधारात बसस्टॉपवर उभी असताना ते पटत नाही.

गेले कौन्सिलरकडे. शनिवारी सकाळी लायब्ररीत एका कोपऱ्यात, मुलांच्या पुस्तकांच्या रॅकशेजारी बसतात, अपॉइंटमेंट लागत नाही. माणूस सज्जन. सगळं वहीत लिहून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, प्रवेशाच्या यादीत मला हात घालता येत नाही, अपील करा, ते पॅनेल स्वतंत्र असतं. बसस्टॉपजवळचा बंद दिवा मात्र त्या आठवड्यात लागला. नाशिकला नगरसेवकाच्या एका फोनवर कामं होतात म्हणून मी आयुष्यभर नाकं मुरडली. त्या दिवशी लायब्ररीतून बाहेर पडताना मला तोच फोन हवा होता. अजूनही कधीकधी हवा असतो.

एकटेपणाचं काय, असंही विचारलंत. येतो. नोव्हेंबरात चारला काळोख होतो तेव्हा जास्त. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, 1932 पासूनचं, गणपतीला जा. पुढे.

एकदा एका पक्षाने मला उभं राहायला विचारलं. कायमच्या वास्तव्याची परवानगी असली की राहता येतं, डिपॉझिट लागत नाही. हरखले. मग कळलं, वॉर्ड त्यांचा कधीच येत नाही, यादीत एक भारतीय नाव हवं होतं. पत्रकं गुजरातीत येतात, आम्ही त्यांच्या हिशेबात तेच. नाही म्हणाले, आणि तरी मतमोजणीच्या रात्री त्या वॉर्डाचा निकाल बघत जागी राहिले. नवऱ्याचा ब्रिटिश पासपोर्ट झाला. माझा अर्ज मी भरत नाही. इथलं नागरिकत्व मिळालं की भारतातलं मत गेलं, आणि इथलं तर आधीपासून आहेच, मग घाई कसली, असं मी त्याला सांगते. त्याला ते पटत नाही. मलाही पूर्ण पटतं असं नाही.

तर, घर बघताना ट्यूब स्टेशन किती जवळ हे एजंट सांगेलच, तुम्ही शाळा किती लांब ते बघा. आणि लेकीच्या सेकंडरीचा अर्ज सहावीच्या वर्षात 31 ऑक्टोबरच्या आत जायला हवा. इथली सहावी आपल्या पाचवीच्या वयाला येते, हे नवऱ्यालाही सांगून ठेवा.