बोअर मारायचा की नुसत्या रिंगा?

वाचकांचे प्रश्न : छोटी इंजिनं

या वेळची बहुतेक पत्रं सिलिंडरच्या झिजेबद्दल आहेत, म्हणून सगळी जागा त्यालाच दिली आहे. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. 'बोअर मारणं' म्हणजे तो यंत्रावर थोडा मोठा कापून मोठ्या मापाचा पिस्टन टाकणं. रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, ती भिंतीला टेकून दाब आणि ऑइल अडवतात.

प्रश्न : माझ्या पॉवर वीडरला होंडा जीएक्स १६० इंजिन आहे. गरम झालं की सरीत दम धरत नाही आणि ऑइलही खातं. गावातला मेस्त्री म्हणतो बोअर मारा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मापं घेतली, तर तिथला कारागीर म्हणाला आधी रिंगा टाकून बघा. बोअरची मापं मिमीत अशी आली : वर ६८.०९ आणि ६८.०५, मध्ये ६८.०६ आणि ६८.०४, खाली दोन्ही ६८.०२. जुना पिस्टन ६७.९३. कुणाचं ऐकू?
— वाचक, मुरगूड

उत्तर : तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मापं घेतलीत हे फार चांगलं केलंत. प्रत्येक जोडीतला पहिला आकडा क्रँकला आडव्या दिशेचा असणार. कनेक्टिंग रॉड तिरका असताना पिस्टन त्याच बाजूला भिंतीवर रेटला जातो, म्हणून तिथली झीज नेहमी जास्त असते. आणि वरची झीज जास्त, कारण पहिली रिंग तिथं क्षणभर थांबून उलटी फिरते. रिंग थांबली की ऑइलचा थर तुटतो. त्याच वेळी जाळाचा दाबही सगळ्यात जास्त असतो.

आता आकडे बघू. या इंजिनाचा नवा बोअर ६८.०० आणि झिजेची शेवटची मर्यादा ६८.१६५ मिमी. तुमचा बोअर ६८.०९, म्हणजे एकटा बघितला तर चालतो. नवा पिस्टन ६७.९८५ आणि मर्यादा ६७.८४५, म्हणजे पिस्टनही एकटा बघितला तर चालतो. पण दोघांमधला गाळा, म्हणजे मोकळी फट, बघा : ६८.०९ वजा ६७.९३ म्हणजे ०.१६ मिमी. गाळ्याची मर्यादा आहे ०.१२. दोन्ही भाग आपापल्या मर्यादेत आणि जोडी मर्यादेबाहेर, असं बऱ्याचदा होतं. नुसता बोअर मोजून "अजून चालतोय" म्हणणारा इथंच फसतो.

नुसत्या रिंगा टाकल्या तर हा गाळा तसाच राहील. पिस्टन आत डुलत राहिला की रिंग भिंतीला सपाट टेकत नाही, तिची कड गोल होते आणि थोड्याच दिवसांत ऑइल परत वर यायला लागतं. नवा स्टँडर्ड पिस्टन आणि रिंगा टाकल्या तर गाळा ०.१०५ होईल. मर्यादेत बसतो, पण पुढं झिजायला जागा अगदी थोडी. शिवाय वर आणि खाली ०.०७ चा फरक आहे. दोन्ही दिशांची सरासरी धरली तरी ०.०५. एवढ्या फरकात रिंगेचं तोंड, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, प्रत्येक फेरीत सुमारे ०.१६ मिमी उघडतं आणि मिटतं. नव्या रिंगेला हे सोसत नाही.

तेव्हा यंत्र घरच्या दीड-दोन एकरापुरतं असेल, तर नवा स्टँडर्ड पिस्टन, रिंगा आणि हलकं होनिंग (भिंत दगडानं घासून बारीक रेघा पाडणं) करून चालवा. भाड्यानं फिरत असेल, दिवसभर भरणी-बांधणीला चालत असेल, तर आत्ताच ०.२५ चा बोअर मारा. दुसऱ्या बाबतीत तुमच्या मेस्त्रीचं म्हणणं बरोबर आहे.

०.२५ मध्ये सिलिंडर साफ निघेल का, हेही आधीच काढता येतं. ०.२५ व्यासावर, म्हणजे एका बाजूला ०.१२५. तुमची सगळी झीज एकाच बाजूला आहे असं धरलं तरी ती ०.०९. बोअर ६८.२० पर्यंत कापून उरलेलं होनिंगनं काढलं की डाग राहणार नाही. मात्र कारागिराला एक सांगा : मशीनवर सेंटर खालच्या न झिजलेल्या भागावरून धरा. वरच्या झिजलेल्या भागावरून धरलं तर बोअर एका बाजूला सरकतो.

या सगळ्याआधी एक गोष्ट. दम जाणं आणि ऑइल खाणं ही दोन्ही लक्षणं बोअरचीच असतात असं नाही. सकाळी चालू करताना निळा धूर येऊन लगेच थांबत असेल, तर व्हॉल्व्ह गाईडवर (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी) संशय घ्या. लोड दिल्यावर सतत निळा धूर आणि ब्रीदरच्या (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून फुसफुस असेल, तर रिंगा आणि बोअर. कॉम्प्रेशन गेजवर एकदा कोरडं रीडिंग घ्या, मग प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा ऑइल सोडून परत घ्या. आकडा चांगला वर चढला तर गळती रिंगांतून. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. या इंजिनाला कॅमवर डिकॉम्प्रेशन (चालू करताना थोडा दाब सोडून देणारी रचना) असतं, त्यामुळं नुसता आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका. कोरड्या आणि ओल्या रीडिंगमधला फरक महत्त्वाचा.

कॉम्प्रेसर हाताशी असेल तर त्याहून चांगली परीक्षा आहे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, क्रँक घट्ट धरून ठेवा आणि प्लगच्या भोकातून हवा द्या. आवाज सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आला तर इनलेट, ब्रीदरमधून आला तर बोअर. व्हॉल्व्ह लॅपिंगनं (व्हॉल्व्ह बैठकीवर घासून नीट बसवण्यानं) भागत असेल तर सिलिंडरला हात लावू नका. प्रत्येक बोअरनं सिलिंडरचं एक आयुष्य संपतं.

प्रश्न : आमच्या गावात बोअर मोजायचा डायल गेज कुणाकडं नाही. १०० सीसी मोटरसायकलचा ५० मिमीचा सिलिंडर खोलून ठेवलाय. नखाला वर कड लागते. कोल्हापूरला नेण्याआधी घरी काही अंदाज काढता येईल का?
— वाचक, कोडोली

उत्तर : येतो, आणि बऱ्यापैकी नेमका. फक्त एक रिंग आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लागतो. व्हर्निअरनं मात्र बोअर मोजू नका. त्याचे आतले जबडे गोल भिंतीवर नीट बसत नाहीत आणि आपल्याला मिमीच्या शंभराव्या भागात बोलायचं आहे.

आधी वरच्या कडेवरचा कार्बन लाकडाच्या पट्टीनं काढा. नखाला लागणारी कड कधीकधी नुसता कार्बनच असतो. मग वरची कॉम्प्रेशन रिंग सिलिंडरमध्ये सोडा आणि उलट्या पिस्टननं ढकला, म्हणजे ती तिरकी बसणार नाही. पहिल्यांदा अगदी खाली न्या, जिथं रिंगा कधी पोचत नाहीत. तोंडातली फट फिलर गेजनं मोजा. मग तीच रिंग वरच्या कडेच्या लगेच खाली, जिथं भिंत सगळ्यात झिजलेली दिसते तिथं आणून फट मोजा.

व्यास जेवढा वाढतो त्याच्या ३.१४ पट रिंगेची फट वाढते. खाली ०.२० आणि वर ०.४५ आली, तर फरक ०.२५. भागिले ३.१४, म्हणजे झीज ०.०८ मिमी. दोन्ही जागी तीच रिंग असल्यानं जुनी चालते, ती स्वतः किती झिजली आहे यानं फरकात फरक पडत नाही. फट किती असावी हे बघायचं असेल तेव्हा मात्र नवीच रिंग हवी. नव्या रिंगेला बोअरच्या दर १०० मिमीला साधारण ०.३ ते ०.४ फट असते, म्हणजे ५० मिमीला ०.१५ ते ०.२०.

ही युक्ती लंबगोलपणा सांगत नाही. त्यासाठी रिंग वर ठेवून सिलिंडरखाली बॅटरी लावा, खोलीत अंधार करा. रिंगेच्या मागून एखाद्या बाजूला उजेडाची रेघ दिसली तर तिथं भिंत गोल राहिलेली नाही. मग मोजत बसू नका, सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही घेऊन बोअरिंगवाल्याकडं जा.

छोट्या इंजिनांत झीज ०.०५ च्या आत, रेघा नाहीत आणि पिस्टनचा गाळा ठीक असेल तर होनिंग आणि रिंगा. ०.१० च्या पुढं गेलं तर बोअर. मधल्या पट्ट्यात तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा. उभ्या रेघांवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर झीज कितीही कमी असो, होनिंगनं ती रेघ जाणार नाही. नख अडकत नाही, भिंत नुसती आरशासारखी चकाकते, एवढंच असेल तर ते ग्लेझिंग, आणि त्याला बोअर लागत नाही.

प्रश्न : ०.२५ ऐवजी एकदम ०.५० मारला तर काम पक्कं होतं म्हणतात. खरं का?
— वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नाही. जेवढ्यात भिंत साफ निघते तेवढंच कापायचं. ०.५० मारायचा तो ०.२५ मध्ये रेघ किंवा झीज राहत असेल तेव्हाच. मात्र बाजारात ०.२५ चा चांगला पिस्टन मिळत नसेल, तर हलक्या प्रतीचा पिस्टन घेण्यापेक्षा पुढच्या साईजचा चांगला घ्या.

आणि पिस्टन आधी, बोअर नंतर. डब्यावर ०.२५ लिहिलेले दोन पिस्टन मापात वेगळे निघू शकतात. पिस्टन गजनपिनच्या (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) आडव्या दिशेला, स्कर्टच्या (पिस्टनचा रिंगांखालचा भाग) खालच्या कडेपासून सुमारे १० मिमी वर मायक्रोमीटरनं मोजायचा आणि त्यात गाळा मिळवून बोअर ठरवायचा.

प्रश्न : २०१९ च्या पुरात नदीकाठचं ५ एचपी डिझेल इंजिन बुडालं होतं, ते दुरुस्त केलं. २०२१ ला परत बुडालं आणि तेव्हापासून तसंच पडून आहे. आता फिरत नाही. बोअर मारून चालेल का?
— वाचक, कुरुंदवाड

उत्तर : हँडल मारून किंवा ट्रॅक्टरनं ओढून फिरवायला जाऊ नका. रॉड वाकतो आणि रिंगा खाचेत तुटतात. ऑइल काढून टाका, इंजेक्टर काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑइल निम्मं-निम्मं सोडा आणि दोन-तीन दिवस मुरू द्या. मग हेड आणि खालची बेअरिंग कॅप खोलून पिस्टन लाकडी ठोकळ्यानं बाहेर काढा. वरच्या कडेला गंज असेल तर तो आधी साफ करा, नाहीतर रिंगा तिथंच अडकतील.

वरवरचा तांबडा गंज ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं, ऑइल लावून, तिरका फिरवून जातो. त्याखाली काळे खड्डे दिसले तर ते कुठं आहेत ते बघा. रिंगा जिथून फिरतात त्या पट्ट्यात, विशेषतः वरच्या एक तृतीयांश भागात खड्डे असतील तर सिलिंडर गेला. रिंगांच्या फेरीखाली एखाद-दुसरा असेल तर त्रास नाही.

आपल्याकडच्या या वर्गातल्या बहुतेक पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनांना लाईनर (ब्लॉकमध्ये बसवलेली, बदलता येणारी सिलिंडरची नळी) असतो. तसा असेल तर बोअर मारूच नका, लाईनर, पिस्टन आणि रिंगांचा नवा सेट टाका. पाण्यातला लाईनर बसवताना रबरी रिंगा नव्याच घ्या, त्यांना साबणाचं पाणी लावा, आणि ब्लॉकमधली त्यांची बसायची जागा खरवडून स्वच्छ करा. तिथं चुन्याचा थर राहिला तर रबर दाबला जातो आणि लाईनर खालून आवळतो. म्हणून बसवल्यावर बोअर परत मोजा. लाईनर बसवण्याआधी आणि नंतर आकडा वेगळा येत असेल तर परत काढा, नाहीतर इंजिन पहिल्याच दिवशी जाम होईल.

तुमच्या इंजिनात बोअरपेक्षा गाळाची काळजी मोठी आहे. पुराचा बारीक गाळ क्रँकच्या ऑइलच्या भोकांत वाळून बसतो. क्रँक बाहेर काढून प्रत्येक भोक तारेनं आणि हवेनं मोकळं केल्याशिवाय नव्या लाईनरवर पैसे घालू नका.

प्रश्न : टू-स्ट्रोक ब्रश कटरच्या सिलिंडरला रेघा पडल्यात. बोअर होईल का?
— वाचक, आजरा

उत्तर : बहुतेक नाही. आतल्या भिंतीला चुंबक लावून बघा. घट्ट चिकटला नाही तर तो ॲल्युमिनियमचा सिलिंडर आहे आणि आत क्रोम किंवा निकेलचा पातळ थर आहे. बोअर मारला की तो थरच निघून जातो. सिलिंडर-पिस्टनची नवी जोडी घ्या, आणि पेट्रोलमध्ये ऑइल किती घालताय ते तपासा.

प्रश्न : बोअर मारून दोन महिने झाले नाहीत तोच परत धूर. बोअरिंगवाला म्हणतो पिस्टन खराब, दुकानदार म्हणतो बोअर खराब.
— वाचक, हातकणंगले

उत्तर : दोघांचंही बरोबर असू शकतं आणि दोष तिसऱ्याच ठिकाणी असू शकतो. पहिला संशय धुण्यावर. होनिंगच्या दगडाची भुकटी भिंतीच्या बारीक रेघांत रुतते. डिझेलनं किंवा पेट्रोलनं पुसली तर वरचं तेल जातं, भुकटी राहते आणि नव्या रिंगा घासून काढते. सिलिंडर गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश घेऊन धुवायचा. मग पांढऱ्या फडक्याला ऑइल लावून पुसायचा. फडकं करडं झालं तर परत धुवायचा, पांढरं राहीपर्यंत. नंतर लगेच ऑइलचा हात द्यायचा, कारण उघडी बीडाची भिंत तासाभरात गंज धरते.

दुसरा संशय हवेवर. एअर क्लीनरचा फोम फाटलेला असेल किंवा कार्बोरेटरच्या मागचं रबर तडकलेलं असेल, तर धूळ थेट आत जाते. इनलेटच्या तोंडाशी आतून बोट फिरवा. धुळीचा थर लागला तर कारण सापडलं.

हे दोन्ही ठीक असेल तर इंजिन खोलून पिस्टन बाहेर काढा. रिंगेवरची खूण वर आहे का, तिन्ही रिंगांची तोंडं एकाच रेषेत आली आहेत का ते बघा. ती १२० अंशांनी फिरवून बसवायची असतात. पिस्टनच्या स्कर्टवर एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली घासल्याची खूण असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला आहे. मग बोअर आणि पिस्टन कितीही चांगले असोत, रॉड सरळ होईपर्यंत धूर थांबणार नाही.